जॉन जोन्सच्या शेजारची जागा

आमचा घरमालक छत्री घेऊन बाहेर पडला की आम्ही आमच्या छत्र्या निर्धास्तपणे घरी ठेवायचो. कारण त्याची छत्री शंभर वर्षांपूर्वीच्या पावसासाठी असायची.

हे जरा नीट सांगायला हवं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मृदाशास्त्र शिकायला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी गेलो. हे गावाचं नाव आहे. माझ्या वडिलांचा यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पत्र टाकताना ते दर वेळी विचारायचे, ‘कॉलेज कळलं, गाव कोणतं?’ नागपूरचा वानखडे आणि मी एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालक. वय चौऱ्याहत्तर, लग्न केलेलं नाही, सहा फूट उंच, छत्तीस वर्षं पोस्टमन होता. निवृत्त होऊनही पोस्टाचा स्वेटर त्यानं अंगावेगळा केला नव्हता आणि चाल तर अशी, की प्रत्येक फाटकापाशी अर्धं पाऊल थबकायचा.

रोज सकाळी ओटमीलच्या वाडग्यासमोर बसून तो वर्तमानपत्र वाचायचा. त्याच दिवसाचं. फक्त शंभर वर्षं आधीचं. पूर्वेकडे दोन-तीन तासांवर कोळशाच्या खाणींचं एक गाव होतं, तिथलं जुनं दैनिक विद्यापीठाच्या लायब्ररीत मायक्रोफिल्मवर होतं. त्याच्या फोटोकॉपी काढून, आठवड्याच्या सात गड्ड्या करून तो ठेवायचा आणि रोज एकच उघडायचा.

“काय विशेष?” मी जिन्यावरून उतरताना विचारायचो.

“किराणा दुकानाला आग लागली. माणसं वाचली, पीठ गेलं. दुपारी पाऊस आहे.”

आणि दुपारी लख्ख उन्हात छत्री उघडून तो ब्रेड आणायला निघायचा.

“आजचं वर्तमानपत्र का वाचत नाही?” असं वानखडेनं एकदा विचारलं. त्यानं जे उत्तर दिलं त्याचं मराठी करायचं तर ‘ते अजून मुरलं नाही’ असंच करावं लागेल. त्या वर्षी देशात अध्यक्षपदाची निवडणूक होती. सगळं गाव पाट्या लावून बसलेलं, आणि आमचा म्हातारा शंभर वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत कोण येतंय या काळजीनं झोपत नव्हता. निकाल कुठल्याही शाळकरी मुलानं सांगितला असता. पण पुढचं पान उघडायचं नाही, पुढचं काही विचारायचं नाही, हा त्याचा नियम. “त्या माणसांना तरी उद्याचं कुठे माहीत आहे?” तो म्हणायचा. ‘होतं’ नाही, ‘आहे’. मेलेल्या माणसांबद्दल तो नेहमी वर्तमानकाळात बोलायचा. जिवंत माणसांबद्दल तो फारसं बोलायचाच नाही.

त्याचे पूर्वज वेल्सचे. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या कुशीतला डोंगराळ प्रदेश. तिथली माणसं तिथल्या खाणी खणून कंटाळली की अमेरिकेत येऊन इथल्या खाणी खणायची. अडचण एवढीच, की त्या सगळ्यांना मिळून आडनावं होती पाच-सहा. त्या गावात एके काळी नुसते जॉन जोन्स सात होते. लोक त्यांना ‘खेचरवाला जोन्स’, ‘पुलाजवळचा जोन्स’ असं ओळखायचे. पण थडग्यावर कोणी खेचर कोरत नाही.

यातला एक जॉन जोन्स आमच्या घरमालकाचा पणजोबा. घरातल्या बायबलच्या पहिल्या पानावर त्याचं नाव होतं, बायको मार्गारेट, मुलगा इव्हान, आणि वेल्समधल्या खेड्याचं नाव. पणजोबा एकटाच पुढे आला, त्या गावच्या खाणीत लागला आणि घरी परत गेला नाही. इव्हान मोठा झाल्यावर बापाला शोधत आला, त्याला बाप सापडला नाही, पोस्टात नोकरी सापडली. तेव्हापासून घराण्यात पोस्टमनकी.

गावाबाहेर टेकडीच्या उतारावर वेल्श लोकांचं एक छोटं चर्च आणि त्यामागे दफनभूमी. तिथे एक साधा दगड होता: जॉन जोन्स, खाणीत मृत्यू, आणि खाली तारीख. म्हाताऱ्यानं एकोणीस वर्षांपूर्वी तो शोधून काढला. तेव्हापासून मार्च ते ऑक्टोबर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो गाडी काढून जायचा, थडग्याभोवतीचं गवत मोठ्या कातरीनं कापायचा, दगडावरचं शेवाळ दात घासायच्या ब्रशनं काढायचा आणि जॉन जोन्सला महिनाभराच्या बातम्या वाचून दाखवायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ज्यांत जॉन जोन्सला रस असेल अशा.

त्या दगडाच्या डाव्या बाजूला एक जागा रिकामी होती. ती त्याला हवी होती. आयुष्यभर एकटा राहिलेला माणूस. निदान त्यानंतर तरी आपल्या माणसाशेजारी असावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण चर्चचा नियम कडक: तिथे पुरलेल्याशी नातं सिद्ध करेल त्यालाच जागा. आणि नोंदवही ज्यांच्या ताब्यात, त्या सेक्रेटरीबाई नियमापेक्षा कडक. ऐंशीच्या घरातल्या, चिमुकल्या, गुडघ्यांनी अधू, आणि प्रत्येक वाक्य ‘पुरावा?’ या शब्दानं संपवणाऱ्या.

तर हा पुरावा शोधण्यासाठी दर शनिवारी आम्ही दोघं लायब्ररीच्या तळघरात जायचो. त्याचे डोळे अधू झाले होते, म्हणून मायक्रोफिल्मच्या यंत्राचा दांडा फिरवायला मी. खोली देतानाच त्यानं अट घातली होती. “तुझा विषय काय?” त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, माती. “छान. म्हणजे मेलेल्यांच्या शेजारीच राहतोस.”

कधी वेल्श भाषेतल्या साप्ताहिकाची रिळं दुसऱ्या लायब्ररीतून मागवायचो. म्हाताऱ्याला वेल्श येत नव्हतं. शब्दकोश घेऊन, मृत्युलेख वाचून वाचून तो ते शिकला. त्यामुळे त्याला त्या भाषेत ‘अल्पशा आजारानं’, ‘खाणीचं छत कोसळून’ आणि ‘मागे विधवा आहे’ एवढं अस्खलित बोलता यायचं. ‘पाणी देता का’ म्हणता यायचं नाही.

वानखडे त्याला काका म्हणायचा. एकदा म्हाताऱ्यानं अर्थ विचारला. वडिलांचा भाऊ, असं कळल्यावर त्यानं खिशातली वही काढली, पेन्सिल ओली केली आणि गंभीरपणे म्हणाला, “पुरावा?”

“ना बा, पुरावा कायचा?” वानखडे माझ्याकडे वळून म्हणाला. “सांग ना बे याला, असंच म्हणतात म्हणून.”

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं वही मिटली. “असंच,” तो म्हणाला. “असंच म्हणून मी कोणाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत टाकलं नाही.”

आमच्या खोलीतली खिडकी जुन्या धर्तीची, वर सरकवायची, आणि वर राहायची नाही. तिच्याखाली मी एक जाड पुस्तक उभं लावत असे. एकदा तो नळ दुरुस्त करायला वर आला आणि त्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. सांगलीच्या आप्पाकाकांनी पाठवलाय. नवी आवृत्ती निघतेय, त्यात माझी माहिती भरून द्यायचीय, त्याचा फॉर्मही कुठेतरी पडलाय.

“किती पिढ्या?”

“चौदा.”

तो पलंगावर बसला. मग उठून हात धुवून आला आणि खिडकी स्वतःच्या हातानं धरून म्हणाला, “काढ.” त्या दिवसापासून खिडकी वानखडेच्या थर्मोडायनॅमिक्सवर उभी राहिली.

त्यानं पानं उलटली. मी वंशवृक्ष समजावून सांगितला. बराच वेळ पाहून त्यानं विचारलं, “यात बायका कुठेत?”

“त्या,” मी म्हटलं, “होत्या.”

“चौदा पिढ्या नुसते पुरुष. तुमच्याकडे विज्ञान बरंच पुढे गेलेलं दिसतंय.” मग एका फांदीच्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, “या माणसाखाली काय लिहिलंय?”

“निर्वंश. म्हणजे याच्यापुढे कोणी नाही.”

त्यानं तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. “चांगलं आहे,” तो म्हणाला. “निदान लिहिलंय.” आणि नळ तसाच गळता ठेवून खाली निघून गेला.

मार्चमध्ये त्याचं वर्तमानपत्र जॉन जोन्सच्या मृत्यूच्या दिवसापाशी आलं. त्या सकाळी ओटमील नाही. काळा टाय. आम्हा दोघांनाही खाली बोलावून उभं केलं आणि त्यानं बातमी वाचली: छत कोसळून जॉन जोन्स, मूळचा वेल्सचा, ठार, मागे पत्नी व एक मूल. वानखडेनं डोळे पुसले. नंतर म्हणाला, “मला माहीत होतं बे हा मरणार आहे, तरी वाईट वाटलं.”

पत्नी आणि एक मूल. मार्गारेट आणि इव्हान. म्हाताऱ्यानं कात्रण सेक्रेटरीबाईंकडे नेलं. बाईंनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि जरा नाइलाजानंच म्हणाल्या, ठीक आहे. नोंदवहीत त्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलं. शाई ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, वार्षिक सभेत.

आता माझा गुन्हा सांगतो. म्हातारा लायब्ररीत खुर्चीवर डुलकी घ्यायचा तेव्हा मी पुढची पानं बघायचो. मला कोणाचं लग्न मोडणार, कोणाच्या गोठ्याला आग लागणार, सगळं आधीच ठाऊक असायचं. सर्वज्ञपणाची चटक फार वाईट. तर ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका शनिवारी मी असाच तीन आठवडे पुढे गेलो आणि सहाव्या पानावरच्या छोट्या जाहिरातींत थबकलो.

‘पत्ता हवा आहे: जॉन जोन्स, वय अडतीस.’ पुढे खेड्याचं नाव, तेच, बायबलमधलं. ‘जूनमध्ये या गावाहून त्यांचं पत्र आलं की आपण पश्चिमेला चांदीच्या खाणींकडे निघालो आहोत. त्यानंतर खबर नाही. कोणास माहिती असल्यास पत्नी मार्गारेट व मुलगा इव्हान आभारी होतील.’

जूनमध्ये पत्र. आणि थडग्यातला जॉन जोन्स मार्चमध्ये मेलेला. मेलेला माणूस चांदीच्या खाणींकडे निघत नाही. म्हातारा एकोणीस वर्षं भलत्याच माणसाचं गवत कापत होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडं, छातीवर वही, शांत घोरत होता.

घरी येऊन मी वानखडेला सांगितलं.

“ते पानच कॉपी करू नको ना यार,” तो म्हणाला. “शेवटच्या संडेला मीटिंग आहे. शाई लागू दे, मग काय करायचं ते कर. मरेपर्यंत कोण बघतंय?”

मलाही ते पटलं. त्या तारखेची गड्डी करताना मी सहावं पान काढून गादीखाली ठेवलं. जाहिरातीचा दिवस शुक्रवारचा, म्हणजे सभेच्या दोन दिवस आधीचा.

शुक्रवारी सकाळी खालून हाक आली. मी उतरलो. ओटमील गार झालं होतं. त्यानं पानं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली होती.

“सातच पानं आहेत,” तो म्हणाला. “रोज आठ असतात.”

“यंत्र बिघडलं असेल.”

“छत्तीस वर्षं टपाल वाटलंय मी. पत्र दडवणारा माणूस मला नुसता जिना उतरताना ओळखू येतो.”

मी वर गेलो आणि गादीखालून पान आणलं. मागोमाग वानखडेही उतरला, केलेल्या पापात निम्मा वाटा असल्यासारखा. म्हाताऱ्यानं भिंग घेऊन जाहिरात वाचली. पुन्हा वाचली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून ओटमीलकडे बघत होतो. मला वाटलं, आता तो म्हणेल, माझी जागा गेली.

“म्हणजे मार्गारेट वाट बघतेय,” तो म्हणाला. “आणि कोणी तिला उत्तर दिलेलं नाही.”

“काका, संडेनंतर दाखवा ना बाईंना,” वानखडे म्हणाला. “दोनच दिवसांचा प्रश्न आहे.”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की वानखडे नागपूरपर्यंत मागे सरकला. “गाडी काढ,” तो मला म्हणाला. स्वतः छत्री घेतली. त्या दिवशी आठ पानांपैकी कुठल्या तरी पानावर पाऊस होता.

अडीच तासांनी आम्ही पोहोचलो. सेक्रेटरीबाई चर्चशेजारच्या छोट्या घरात राहायच्या. त्यानं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि पोस्टमननं तार द्यावी तसा दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

“तो माझा पणजोबा नाही,” तो म्हणाला. “नाव खोडा.”

बाईंनी पान वाचलं. चष्मा काढला. मग अशा काही संकोचानं बोलल्या, की मला त्या अचानक शाळेतल्या मुलीसारख्या दिसल्या.

“मला माहीत आहे.”

“काय?”

“तो खेचरवाला जोन्स. माझ्या आईचा बाप. तो गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मागे पत्नी आणि एक मूल. ते मूल म्हणजे माझी आई.”

मी या प्रसंगी चहा मागायला हवा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हातारा मात्र उभाच.

“एकोणीस वर्षं तुम्हाला माहीत आहे?”

“पहिल्याच रविवारी सांगणार होते. पण तुम्ही येताना कातर घेऊन आलात,” बाई म्हणाल्या. “माझे गुडघे आधीच गेलेले. म्हटलं, आज कापून होऊ दे, पुढच्या महिन्यात सांगू.”

“मग?”

“मग पुढच्या महिन्यात पुन्हा गवत वाढलं.”

खिडकीतून उतारावरचा तो दगड दिसत होता. सबंध दफनभूमीत तेवढाच स्वच्छ.

“मी त्याला बातम्या वाचून दाखवतो,” म्हातारा म्हणाला.

“ऐकते ना मी खिडकीतून. मोठ्यानं वाचता तुम्ही. शाई लागली असती तरी मी गप्पच बसले असते. पुरावा मागितला, तो तुम्हाला कधी मिळणार नाही या भरवशावर. मार्चमध्ये तुम्ही ते कात्रण आणलंत आणि माझी झोप उडाली.” त्यांनी नोंदवही ओढली, म्हाताऱ्याचं नाव होतं ते पान काढलं आणि खोडरबर हातात घेतलं. बराच वेळ ते नुसतंच धरून बसल्या. “मी त्याची सख्खी नात. एकोणीस वर्षांत एकदासुद्धा त्या दगडाला हात लावलेला नाही.” त्यांनी खोडरबर खाली ठेवलं. “‘नातं’ असा रकाना आहे. तो रिकामा ठेवायचा नाही, असा नियम आहे. त्यात काय लिहायचं हे नियमात नाही.”

“खोटं लिहायचं नाही,” म्हातारा म्हणाला. “खोटी नोंद म्हणजे चुकीच्या पेटीतलं पत्र.”

“मग खरं सांगा. तुम्ही इथे येऊन काय करता?”

म्हातारा विचारात पडला. त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा.

“गवत कापतो,” तो म्हणाला.

बाईंनी दौत उघडली आणि लिहिलं. रविवारची सभा? मी विचारलं. त्या म्हणाल्या, समितीत तीन माणसं आहेत. एक बहिरा आहे, एक फ्लोरिडात असतो आणि तिसरी मी.

परत येताना म्हाताऱ्यानं वाटेतल्या पोस्टात गाडी थांबवायला लावली. तिथल्या काउंटरवर उभं राहून मार्गारेट जोन्सला, वेल्समधल्या त्या खेड्याच्या पत्त्यावर, पत्र लिहिलं: तुमचे पती आमच्याकडे नाहीत, ते जिवंत निघाले होते, शोध चालू आहे. शंभर वर्षं उशीर झाल्याबद्दल पोस्टाच्या वतीनं क्षमाही मागितली. दीड महिन्यानं ते ‘पत्त्यावर सापडत नाही’ असा शिक्का घेऊन परत आलं. तो खूश झाला. “म्हणजे कोणीतरी दारापर्यंत जाऊन आलं,” तो म्हणाला.

मी त्याच आठवड्यात आप्पाकाकांचा फॉर्म भरला. आई, दोन्ही आज्या आणि आठवतील तेवढ्या पणज्या. त्यांच्यासाठी रकाने नव्हते, म्हणून समासात.

पुढे दोन वर्षांनी मी लग्न करायला पुण्याला गेलो असताना म्हातारा गेला. वानखडेनं फोनवर सांगितलं. सकाळी, ओटमीलपुढे. वर्तमानपत्र वाचून झालेलं होतं.

दशक संपत आलं तेव्हा मला नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला नोकरी लागली. जूनमध्ये गाडीत सामान भरून आम्ही निघालो आणि मी जरा वाकडी वाट केली. जरा म्हणजे दीडशे मैल.

“आपण दक्षिणेला चाललोय ना?” बायकोनं नकाशावरून डोकं वर काढून विचारलं. “मग सकाळचा सूर्य समोर कसा?”

दफनभूमीपाशी गाडी थांबवली. जॉन जोन्सच्या डाव्या बाजूला नवा दगड होता. म्हणजे असावा; दोन्ही दगड गुडघाभर गवतात बुडाले होते. नोंदवहीत मात्र शाईनं लिहिलेलं: गवत कापतो. वर्तमानकाळात. त्यानं आयुष्यात एक खोटी नोंद केली नव्हती, आणि आता त्याचीच नोंद रोज थोडी थोडी खोटी पडत होती.

चर्चच्या दारामागे खिळ्याला त्याची कातर होती. गंजली होती, पण चालत होती. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बसलो. मृदाशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला गवत कापता येत नाही, हे दहा मिनिटांत बायकोच्या लक्षात आलं. ती गाडीतून उतरली, ओढणी कमरेला बांधली आणि काही न विचारता हातानं उपटायला लागली.

तेवढ्यात शेजारच्या घराची खिडकी वर सरकली. सेक्रेटरीबाई. आणखी चिमुकल्या झालेल्या. मला त्यांनी ओळखलं नाही.

“कोण आहे तिकडे? त्याचे कोण तुम्ही?”

मला वानखडे आठवला.

“पुतण्या!” मी ओरडलो.

“पुरावा?”

मी कातर वर करून दाखवली.